विज्ञान, नाटक आणि आपला मांडव

गेल्या वर्षीच्या उत्सवात पाचव्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, आपल्या मांडवात मुलांनी अर्ध्या तासाचे एक विज्ञान-नाटक सादर केले. ज्यांनी ते पाहिले त्यांना आठवत असेलच. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यापर्यंतही ते निरनिराळ्या रूपांत पोहोचले असेल, कारण नाटकापेक्षा त्यावरची चर्चा अधिक रंगली. "गणपतीपुढे गणपतीचीच परीक्षा कशाला?" असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते, तर "मुलांनी इतकी मेहनत घेतली आहे, त्यांना नाही कसे म्हणायचे?" असे बाकीच्यांचे.

नाटकाची कल्पना मी मांडलेली असल्यामुळे संपादक मंडळाने यंदा 'दोन शब्द' लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. मी रेल्वेतला डिप्लोमा झालेला इंजिनीयर. रूळ, स्लीपर आणि खडी हा माझा विषय. नाटकाचा मी अभ्यासक नव्हे. परंतु वर्षभर जमेल तसे वाचले, जाणकारांना विचारले, आणि एक गोष्ट लक्षात आली. विज्ञान आणि नाटक ही जोडी मराठी माणसाला मुळीच नवी नाही. लेखक मिळाले, नट मिळाले, विषय तर ढिगाने मिळाले. अडले ते बहुतेक वेळा मंचापाशी. तो इतिहास थोडक्यात आपणापुढे ठेवतो. त्यानंतर आपल्या नाटकाबद्दल काय ते आपणच ठरवावे.

तो गुरुवार

सुरुवात आपल्या दिल्लीपासूनच करू. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या वर्षीचे विसर्जन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. पहाटे दक्षिण दिल्लीतील एका मंदिरात गणपतीची मूर्ती चमच्याने दूध पिते आहे अशी बातमी फुटली आणि दुपारपर्यंत ती देशभर आणि संध्याकाळपर्यंत परदेशांतल्या मंदिरांपर्यंत जाऊन पोहोचली. तेव्हा मोबाइल नव्हते, तरी ही गती! मंदिरांपुढे रांगा लागल्या, दूध मिळेनासे झाले.

मी त्या वेळी भुसावळला दहावीत होतो. आजीने स्टीलच्या वाटीत दूध घेतले, माझा हात धरला आणि आम्ही दोन तास रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली. आजीने चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखरच कमी झाले. आजीच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही अंगावर काटा आला, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान संचार परिषदेचे शास्त्रज्ञ एका मंदिरात गेले. त्यांनी काय केले? भाषण दिले नाही, कोणाची टिंगलही केली नाही. दुधात खाण्याचा रंग मिसळला आणि तेच दूध चमच्याने मूर्तीला लावले. चमच्यातले दूध कमी झाले आणि मूर्तीच्या अंगावरून रंगाचा पातळ ओघळ खाली उतरताना सर्वांना दिसला. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दुधाचा पृष्ठभाग किंचित फुगीर असतो. तो दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते, आणि एकदा ओली वाट तयार झाली की गुरुत्वाकर्षणाने ते त्या वाटेने खाली वाहत राहते. पांढऱ्या संगमरवरावर पांढऱ्या दुधाचा पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

आता विचार करा, ही कृती म्हणजे एक छोटे नाटकच नव्हे काय? जमलेले प्रेक्षक, मध्यभागी एक वस्तू, सर्वांच्या मनात एक प्रश्न आणि शेवटी डोळ्यांदेखत उलगडा. वर्तमानपत्रातल्या दहा लेखांनी जे झाले नसते ते एका रंगाच्या थेंबाने केले. विज्ञान-नाटकाची ताकद कशात असते ते मला त्या प्रसंगावरून समजले.

मंच न मिळालेले नाटक

आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ साली त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले. त्यानंतर अवघ्या १२ वर्षांनी, १८५५ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्याची गोष्ट साधी आहे. एका कुणब्याची बायको गर्भवती असते. जोशीबुवा घरी येऊन ग्रहांची भीती घालतात आणि शांतीच्या नावाखाली त्या गरीब जोडप्याला खर्चात पाडतात. मधूनमधून विदूषक येऊन प्रेक्षकांशी बोलतो, जे चालले आहे त्यातली मेख दाखवतो. अखेरीस ते नवरा-बायको जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरवतात.

यात प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही. पण "हे असेच कशावरून?" हा विज्ञानाचा मूळ प्रश्न आहे आणि तो एका अडाणी शेतकऱ्याच्या घरात उभा केलेला आहे. फुले यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. कमिटीतील काहींच्या विरोधामुळे ते स्वीकारले गेले नाही, हे त्यांनी स्वतःच पुढे नमूद करून ठेवले आहे. मराठी रंगभूमीच्या बाल्यावस्थेतले हे नाटक सव्वाशे वर्षे कागदपत्रांत पडून राहिले आणि १९७९ साली छापून लोकांसमोर आले. नाटक होते, विषय होता, लेखक तर साक्षात जोतीराव होते. मंच तेवढा नव्हता.

परदेशातला अनुभव

परदेशांतील रंगभूमीने हा विषय पुढे फार गांभीर्याने हाताळला. 'रोबो' हा शब्द आज आपली मुले सर्रास वापरतात. तो कारखान्यातून नव्हे, नाटकातून आला. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर.यू.आर.' या नाटकाचा प्रयोग १९२१ मध्ये प्रागला झाला आणि कृत्रिम कामगारांसाठी वापरलेला तो शब्द जगभर पसरला.

बेर्टोल्ट ब्रेख्त आपल्याला 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि 'तीन पैशाचा तमाशा' या मराठी रूपांतरांमुळे परिचित आहे. त्याचे गॅलिलिओवरचे नाटक १९४३ मध्ये झुरिचला प्रथम रंगमंचावर आले. धर्मपीठापुढे माघार घेणारा गॅलिलिओ त्यात बराचसा चतुर वाटतो. जीव वाचवून त्याने लिखाण चालू ठेवले, असा त्याचा सूर होता. पण १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि ब्रेख्तने नाटक पुन्हा लिहायला घेतले. १९४७ च्या अमेरिकेतील प्रयोगात तोच गॅलिलिओ स्वतःला दोषी ठरवतो. शास्त्रज्ञाने सत्तेपुढे मान तुकवली तर त्याची किंमत सगळ्या समाजाला मोजावी लागते, असे तो नाटक सांगू लागले. मायकेल फ्रेन यांचे 'कोपेनहेगन' हे नाटक १९९८ मध्ये लंडनला आले. १९४१ मध्ये बोर आणि हायझेनबर्ग या दोन शास्त्रज्ञांची भेट झाली, त्या भेटीत नक्की काय बोलणे झाले, एवढ्याच प्रश्नावर ते संपूर्ण नाटक उभे आहे.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एन्सेम्बल स्टुडिओ थिएटरने स्लोन फाउंडेशनच्या मदतीने एक उपक्रम सुरू केला. नाटककारांना विज्ञानावर नवी नाटके लिहायला पैसे द्यायचे, शास्त्रज्ञांशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि त्या नाटकांचा महोत्सव भरवायचा. नवे नाटक आधीच लिहून तयार होते म्हणून महोत्सव भरला, असे तिथे घडले नाही. महोत्सव भरणार हे ठाऊक होते म्हणून नाटके लिहिली गेली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

रस्ता हाच मंच

आपल्या देशात एवढा पैसा कोण देणार? पण आपल्याकडे वेगळी वाट निघाली. केरळमध्ये १९६२ साली स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० मध्ये 'शास्त्र कला जथा' काढला. शिक्षक, विद्यार्थी, कारकून अशी माणसे गावोगावी फिरून चौकात गाणी आणि छोटी नाटके करू लागली. आरोग्य, पाणी, जंगल, अंधश्रद्धा असे विषय आणि प्रेक्षक म्हणजे बाजाराला आलेली माणसे.

त्याच धर्तीवर १९८७ मध्ये 'भारत जन विज्ञान जथा' निघाला. २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, देशाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच जथे निघाले आणि ७ नोव्हेंबरला, सर सी. व्ही. रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळला एकत्र आले. भोपाळच का? कारण डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूने हजारो माणसे दगावली होती. विज्ञान माणसाच्या बाजूने उभे राहिले नाही तर काय होते, ते सांगायला भोपाळइतके योग्य ठिकाण दुसरे नव्हते.

महाराष्ट्रात या परंपरेला वेदनेची किनार आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. त्यानंतर समितीच्या कार्यकर्त्यांनी दगड उचलला नाही, नाटक उचलले. रंगकर्मी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली ठिकठिकाणच्या तरुणांनी 'रिंगणनाट्य' बसवले. पडदा नाही, उंच मंच नाही. प्रेक्षक गोल करून उभे राहतात, त्या रिंगणात नाटक होते आणि विचारलेला प्रश्न थेट समोरच्या माणसापर्यंत जातो. १८५५ मध्ये ज्या नाटकाला मंच नाकारला गेला, त्याच्या वारसांनी मंचाची गरजच उरू दिली नाही, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

शाळेचा मंच

यापेक्षा शांत, पण दूरवर पोहोचलेला प्रवाह आहे तो शाळकरी मुलांच्या विज्ञान-नाट्य महोत्सवाचा. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईच्या वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चे आणि आपल्या प्रगती मैदानाजवळचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र १९९२ चे. या परिषदेच्या पुढाकाराने राज्याराज्यांत शालेय विज्ञान-नाटकांच्या स्पर्धा होतात आणि निवडक संघ राष्ट्रीय महोत्सवापर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात हा 'विज्ञान नाट्योत्सव' तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या चढत राज्यपातळीवर जातो. विषय दिलेले असतात, नाटक नवे असावे लागते आणि वेळ साधारण अर्धा तास. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुले पुठ्ठ्याचे विषाणू आणि थर्माकोलचे ग्रह घेऊन एस.टी.ने स्पर्धेला जातात.

यातील बरीच नाटके बाळबोध असतात, हे मान्य केले पाहिजे. एक मुलगा डॉक्टर होतो, एक मांत्रिक, आणि शेवटी डॉक्टर सर्वांना पाठ्यपुस्तकातला धडा वाचून दाखवतो. पण असे शंभर प्रयोग झाल्याशिवाय चांगले एक लिहिले जात नाही. याला आपल्या साहित्यातला पुरावा आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ च्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाच्या अनोळखी लेखकाच्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. मागाहून समजले की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते! पुढे हेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. केम्ब्रिजला नाव कमावलेल्या शास्त्रज्ञालाही मराठीत पहिली गोष्ट पाठवायला एक स्पर्धा लागली. मग आठवीतल्या मुलांना नाटक लिहायला निमित्त नको का?

आपल्या शेजारचे उदाहरण

सरोजिनी नगर म्हणजे पूर्वीचे विनय नगर. आपल्या शेजारून रिंग रेल्वे जाते आणि सफदरजंग स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. ३० ऑक्टोबर २००७ रोजी याच स्टेशनवरून पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी 'सायन्स एक्सप्रेस' रवाना केली. डब्यांत बाके नव्हती, विज्ञानाचे प्रदर्शन होते. पुढे २०१७ पर्यंत ही गाडी निरनिराळ्या विषयांचे प्रदर्शन घेऊन देशभर फिरत राहिली. लहान स्टेशनांच्या प्लॅटफॉर्मवर शाळेच्या पोरांच्या रांगा लागत.

हे नाटक नव्हे, हे खरे. पण ज्याला प्रेक्षक हवे आहेत त्याने प्रेक्षकाच्या दारी जावे, हा विचार तोच आहे. आम्हा रेल्वेवाल्यांना त्या गाडीचा अभिमान वाटतो तो यासाठी.

मांडवातला अर्धा तास

आता घरच्या गोष्टीकडे येतो. माझ्या मुलीच्या शाळेने विज्ञान-नाटक केले होते. ती म्हणाली, "बाबा, आपल्या मांडवात करू या ना." मुलांनी विषय निवडला १९९५ च्या दूध पिणाऱ्या गणपतीचा. मी बैठकीत तो सांगितला आणि क्षणभर शांतता पसरली.

मंत्रालयातून निवृत्त झालेले आपले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आपण सगळेच काका म्हणतो, ते म्हणाले, "अरे बाबा, लोक इथे नमस्कार करायला येतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायला हीच जागा मिळाली का तुम्हाला?"

मी म्हटले, "काका, मूर्तीला कोणी हात लावणार नाही. मुले वरवंट्यावर करून दाखवणार आहेत."

"प्रश्न वरवंट्याचा नाही रे. प्रश्न मनाचा आहे."

काकांचे म्हणणे मला तेव्हाही हसण्यावारी नेण्याजोगे वाटले नाही, आजही वाटत नाही. माझी आजी आता नाही. तिच्या डोळ्यांतले त्या दिवशीचे पाणी खोटे होते, असे मी कधी म्हणू शकणार नाही. मी एवढेच सांगितले, की आमच्या डेपोत दर वर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते. हत्यारांना हळद-कुंकू लागते, प्रसाद वाटला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच गेजने आम्ही रूळ मोजतो. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्यात चालवून घ्यायची मर्यादा ठरलेली. काल पूजा केली म्हणून आज मोजायचे नाही, असे कोणी ट्रॅकमन म्हणत नाही, आणि आज मोजायचे आहे म्हणून काल पूजा केली नाही, असेही होत नाही. दोन्ही कामे एकच माणूस करतो.

शेवटी मार्ग काढला तो आपल्या सर्वांत जुन्या सभासद आजींनी. १९९५ मध्ये त्या स्वतः इथल्या मंदिरापुढे रांगेत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी दूध पाजलंय. मला बघायचंय काय झालं होतं ते." मग कोणी काही बोलले नाही.

नाटकात एक आजी, एक नात, एक दूधवाला आणि एक वार्ताहर होता. मुलांनी दुधात रूह अफजा घातले, त्यामुळे ओघळ गुलाबी दिसला. नात म्हणते, "आजी, मग बाप्पा दूध पीत नाही?" या प्रश्नाला मुलांनी लिहिलेले उत्तर माझ्या मनात आहे. नाटकातली आजी म्हणते, "तो पितो की नाही ते मला ठाऊक नाही. चमच्यातलं दूध कुठे गेलं, ते मात्र आता ठाऊक झालं."

पडदा पडल्यावर आजी व्यासपीठाजवळ गेल्या आणि त्यांनी स्वतः चमचा वरवंट्याला लावून पाहिला, दोनदा. काका शेवटपर्यंत बसले होते. मुलांच्या पाठीवर हात फिरवून ते घरी गेले, पण मत बदलले असे त्यांनी मला आजतागायत सांगितलेले नाही, आणि तशी माझी अपेक्षाही नाही.

पुढे काय?

१८९३ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव वाढला, तेव्हापासून मांडव हा केवळ आरतीपुरता राहिलेला नाही. मेळ्यांनी त्यात पदे म्हटली, सरकारवर टीका केली, समाजाचे प्रश्न मांडले, आणि इंग्रज सरकारने मेळ्यांवर बंधनेही घातली. कित्येक मराठी नटांच्या चेहऱ्याला पहिला रंग गणपतीच्या मांडवात लागला. जो मंच फुल्यांच्या नाटकाला मिळाला नाही, ज्याच्यासाठी जथ्यांना देशभर फिरावे लागले, तो मंच आपल्याकडे दर वर्षी बांधून तयार असतो. दिवे असतात, माईक असतो आणि मुख्य म्हणजे आजीपासून नातवापर्यंतचे प्रेक्षक एकाच सतरंजीवर बसलेले असतात.

वसाहतीचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून जुनी क्वार्टर्स पडली, कुटुंबे पांगली. कोणी द्वारकेला, कोणी नोएडाला, कोणी गुरुग्रामला गेले. तालमीला मुले जमवणे कठीण होत चालले आहे. गेल्या वर्षी नऊ मुले होती, यंदा आतापर्यंत सहा आहेत. विषय त्यांनी ठरवला आहे तो असा, की विसर्जनानंतर मूर्तीचे काय होते? प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात का विरघळत नाही, शाडू का विरघळतो, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये काढलेल्या व २०२० मध्ये सुधारलेल्या सूचना काय सांगतात. हाही विषय काहींना टोचेल. त्याची चर्चा बैठकीत जरूर व्हावी, काकांनी तर जरूर बोलावे. मुलांना उत्तर पाठ करून येण्यापेक्षा समोरून प्रश्न आलेला जास्त उपयोगी पडतो.

समितीकडे माझी विनंती एवढीच आहे. दहा दिवसांतला अर्धा तास दर वर्षी विज्ञान-नाटकासाठी कार्यक्रमपत्रिकेत छापून टाकावा. नाटक चांगले होईल की बाळबोध, हे आधी ठरवू नये. अर्धा तास छापलेला असला म्हणजे तो भरायला कोणीतरी लिहायला बसेल.

तालमी रविवारी सकाळी दहा वाजता आहेत. मुले पाठवावीत. वरवंटा यंदा लागणार नाही, मात्र दोन बादल्या आणि थोडी शाडूची माती हवी आहे.

गणपती बाप्पा मोरया!